मानाचं काम

दोन देशांची मैत्री व्हायची असली, तर आदल्या दिवशी कुणाला तरी खुर्च्या मांडाव्या लागतात. कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये बरीच वर्षं त्या मी मांडल्या. आता ती संस्था बंद झाली. मी एका विद्यापीठात पदवीदानाच्या खुर्च्या मांडतो. तिथे कुणी रुसत नाही, म्हणून कधीकधी चुकल्यासारखं होतं.

संस्था अगदी लहान होती. आम्ही चौघं, एक भाड्याची व्हॅन आणि बंदराकडे खिडक्या असलेला एक हॉल. ज्या देशांत नुकती लोकशाही आली आहे, तिथल्या निवडणूक अधिकाऱ्यांना बोलवायचं, एकमेकांना भेटवायचं, आणि त्यांनी एकमेकांना मदत करायचं ठरवलं तर त्यांना जागा, जेवण आणि शांतता पुरवायची, एवढंच आमचं काम. सल्ला द्यायचा नाही, हे आमचे संचालक ग्रॅहम वारंवार सांगत. "जुन्या लोकशाहीवाल्यांना सल्ला द्यायची खाज असते. आपण कॉफी द्यायची."

माझ्या कार्डावर ‘प्रोटोकॉल’ असा शब्द होता. आईला फोनवर त्याचा अर्थ सांगता सांगता मी थकलो. शेवटी म्हणालो, "आई, नानाकाका करायचा ना, तेच."

"म्हणजे मानपान," ती म्हणाली. "तिकडेही लागतो का?"

लागतो. उदाहरण देतो. दोन देशांच्या करारात आधी नाव कुणाचं, यावरून भांडण होऊ शकतं. म्हणून कराराच्या दोन प्रती करतात. या देशाच्या प्रतीत याचं नाव आधी, त्या देशाच्या प्रतीत त्याचं. दोघांनीही घरी जाऊन सांगावं, आमचं नाव पहिलं होतं. दोन शिष्टमंडळांनी एकाच दारातून आत यायचं नाही, नाहीतर कुणीतरी मागे राहतो. हॉलला दोन दारं असलेली बरी. झेंड्यांच्या काठ्या सारख्या उंचीच्या. पाण्याचे पेले सारखे. यातलं काही मी कुठल्या अभ्यासक्रमात शिकलो नाही. विहीणबाईंच्या पाटाभोवती रांगोळी आहे आणि व्याह्यांच्या पाटाभोवती नाही, यावरून मोडता मोडता राहिलेलं लग्न मी लहानपणी पाहिलेलं आहे.

नानाकाका कराडला मंगल कार्यालय चालवायचा. वडील लवकर गेल्यामुळे आई आणि मी तिथेच राहायचो. नानाकाका सांगायचा, "लग्नात एक माणूस रुसतोच. तो कोण, हे आदल्या रात्रीच्या जेवणात ओळखायचं. आणि मुहूर्ताच्या वेळी त्याला मानाचं काम देऊन मांडवाबाहेर पाठवायचं." एका लग्नात मुलीच्या मामांना काहीतरी बोलायचं होतं. काय, ते आम्हाला कळलंच नाही, कारण नानाकाकाने त्यांना अत्तर लावून, फेटा बांधून एसटी स्टँडवर गुरुजींना आणायला पाठवलं. "मामा, तुमच्याशिवाय गुरुजींना ओळखणार कोण?" गुरुजी तेव्हा स्वयंपाकघरामागे चहा पीत होते. मामा परत आले तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. सगळे हसले. मीही हसलो. मामा हसले का, हे मी पाहिलं नाही.

ही युक्ती मी पुढे सगळीकडे वापरली. हॉटेलच्या नोकरीत वापरली. इथल्या मराठी मंडळात तर दरवर्षी. मंडळाचा मी चिटणीस. आमचे डॉक्टर पिंपळखरे हे एकोणीसशे सत्तरच्या सुमारास इथे आलेले, निवृत्त, आणि वार्षिक सभेत प्रत्येक ठरावावर उठून बोलणारे. गणपतीत मुलांची भाषणं इंग्रजीत का? जेवणात पिझ्झा का? गेल्या वर्षीच्या ठरावाचं पुढे काय झालं? म्हणून मी सभेच्याच दिवशी टोरांटोहून गायक बोलवायचो आणि डॉक्टरांना विमानतळावर पाठवायचो. "डॉक्टर, पाहुण्यांचं स्वागत ज्येष्ठांनीच करावं." ते कोट घालून जायचे. सभा चटकन संपायची. लोक माझं कौतुक करायचे.

इथे एक सांगायला हवं. मला कशाचंही वाईट वाटतं. माझी बायको मेधा म्हणते, "तू कॅनडात यायच्या आधीपासूनच कॅनडियन होतास. कुणी तुझ्या पायावर पाय दिला तर तूच सॉरी म्हणणार." पण डॉक्टरांना विमानतळावर पाठवताना मला कधी वाईट वाटलं नव्हतं. ते वाटायला लावलं दोन परक्या माणसांनी, आणि त्यांचे आभार मानायला मी हे लिहितो आहे.

ते सांगण्याआधी आमच्याकडे कशी माणसं यायची, याची थोडी कल्पना देतो. एकदा एका देशाचे उपमंत्री पहिल्याच सकाळी नाहीसे झाले. आम्ही घाबरून शोधाशोध केली. ते बंदरातल्या फेरीबोटीत सापडले. पलीकडच्या डार्टमथला जायचं, उतरायचं नाही, परत यायचं, असं त्यांचं सकाळपासून चाललं होतं. मी विचारलं, "सर, काही काम होतं का?" ते म्हणाले, "नाही. कुणी कागदपत्रं विचारतं का, ते बघत होतो." मग म्हणाले, "अजून कुणी विचारली नाहीत." मी त्यांच्याशेजारी बसलो आणि आम्ही आणखी एक फेरी मारली. आमच्या पाहुण्यांना लोकशाही ही अशी होती, नव्या चपलेसारखी. सारखं खाली बघायचं.

आता मुख्य गोष्ट. दोन हजार सतराचा हिवाळा संपत आला होता. दोन देशांची माणसं एकाच वेळी आमच्याकडे आली होती. देशांची नावं न सांगण्याची सवय अजून सुटलेली नाही, म्हणून ऑफिसात म्हणायचो तसंच म्हणतो: नदीचा देश आणि डोंगराचा देश. नदीचा देश पश्चिम आफ्रिकेतला. तिथली एका माणसाची लांबलेली सत्ता नुकतीच संपली होती आणि पहिली मोकळी निवडणूक तोंडावर आली होती. डोंगराचा देश आशियातला. त्यांची पहिली निवडणूक काही वर्षांपूर्वी होऊन गेली होती, आणि तेव्हाच्या पारदर्शक मतपेट्या गोदामात पडून होत्या. त्या पेट्या आणि त्या कशा वापरायच्या हे शिकवणारी माणसं, दोन्ही ते नदीच्या देशाला देणार होते. गरीब देशाने गरीब देशाला दिलेली उसनवारी. कुणी मोठा देश मध्ये नाही. ग्रॅहम याला आमचं सर्वांत सुंदर काम म्हणायचे.

करारावर शुक्रवारी सह्या व्हायच्या होत्या. त्याच संध्याकाळी डोंगराच्या देशाच्या प्रमुख परत जाणार होत्या, कारण पेट्यांचं जहाज त्यांच्या सहीशिवाय हलणार नव्हतं आणि नंतरचं जहाज निवडणुकीनंतर पोचलं असतं. म्हणजे शुक्रवार हुकला तर नदीच्या देशात पेट्याच नाहीत.

या प्रमुख म्हणजे पेमा मॅडम. पूर्वी मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही खोलीत शिरल्या की माणसं सरळ बसत. नदीच्या देशाचे प्रमुख लामिन. तरुण, हुशार, झोप न झालेले. त्यांच्या शिष्टमंडळात विरोधी पक्षाचे एक ज्येष्ठ सभासद होते, ओमर वकील. नव्या कायद्याप्रमाणे विरोधी पक्षाचा माणूस बरोबर आणणं त्यांना बंधनकारक होतं. ओमर वकिलांनी जुन्या राजवटीत तुरुंग पाहिला होता. आता ते बोलत. सारखं बोलत. हे शिष्टमंडळ दुपारच्या जेवणाचंसुद्धा मतदान घ्यायचं, मासे की चिकन, आणि ओमर वकील नेहमी अल्पमतात असायचे.

"मासे हरले, म्हणून मासे वाईट ठरत नाहीत," ते मला म्हणाले. मला ते ‘माझ्या भावा’ म्हणत.

गुरुवारी त्यांनी कराराचं एक कलम धरलं. डोंगराच्या देशाचे प्रशिक्षक मतमोजणीच्या खोलीत हजर राहतील, असं त्यात होतं. ओमर वकील म्हणाले, "नाही. पेट्या द्या, शिकवा, पाया पडतो. पण मोजणीच्या खोलीत आमच्याशिवाय कुणी नाही. मित्र दारापर्यंत."

लामिन चिडले. "ते आपल्याला फुकट पेट्या देतायत आणि तुम्ही त्यांना दाराबाहेर उभं करताय?"

"हो. प्रेमाने."

देणाऱ्याचा असा अपमान मी कुठल्या मांडवात पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी सगळे आमच्या घरी जेवायला होते. जेवताना ओमर वकील मेधाला म्हणाले, "उद्या सह्यांच्या आधी मी सविस्तर बोलणार आहे." मी लामिनकडे पाहिलं. त्यांचा घास हातातच राहिला होता. आदल्या रात्रीच्या जेवणात रुसणारा ओळखायचा. मी ओळखला.

शुक्रवारी दुपारी बर्फ पडेल असा अंदाज होताच. ते निमित्त करून सह्या दुपारऐवजी सकाळी उरकू, असं मी ठरवून टाकलं. आणि त्याच रात्री ओमर वकिलांना फोन केला. "सर, पेगीज कोव्हचा दीपस्तंभ पाहिल्याशिवाय इथून कुणी जात नाही. तुमच्या वयाचा आणि अनुभवाचा मान म्हणून खास तुमच्यासाठी गाडी ठेवली आहे. दुपारपर्यंत परत."

"सह्यांच्या आत येऊ ना?"

"आरामात," मी म्हणालो.

गाडी म्हणजे आमची कोरोला आणि चालवणारी मेधा. तिची हॉस्पिटलमधून सुट्टी होती. तिला मी सांगितलं की वकीलसाहेबांची फार इच्छा आहे. तिने थालीपिठांचा डबा भरून घेतला. मुलगी सई जिन्यावरून म्हणाली, "बाबा, देअर्स अ स्टॉर्म कमिंग." मी म्हणालो, दुपारी येणार आहे, आणि गाडीला विंटर टायर्स आहेत.

लामिनना सांगितलं की वेळ बदलली आहे आणि ओमर वकील फिरायला गेले आहेत. त्यांनी विचारलं, "कधी येतील?"

"जेवणापर्यंत."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी टायची गाठ घट्ट केली. त्या ‘बरं’मध्ये किती सुटका होती, ती मला ऐकू आली. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

हॉलमध्ये सगळं सारखं होतं. झेंडे, पेले, खुर्च्या. दोन दारांतून दोन शिष्टमंडळं आली. ओमर वकिलांची खुर्ची मी काढून टाकायला विसरलो नव्हतो. मुद्दामच काढली नव्हती. मानाचा भाग म्हणून ठेवली होती, नानाकाका ठेवायचा तशी.

पेमा मॅडमनी पेनचं टोपण काढलं, आणि समोर पाहिलं.

"ओमर वकील कुठे आहेत?"

"दीपस्तंभ बघायला गेलेत, मॅडम."

"आज? या हवेत?"

"त्यांची इच्छा होती."

त्यांनी लामिनकडे पाहिलं. लामिन टेबलाकडे पाहत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मुख्याध्यापिकेसमोर खोटं बोलताना जे होतं ते मला झालं.

त्या सावकाश बोलल्या. "माझे वडील जुन्या सभागृहात होते. एकदा महत्त्वाच्या मतदानाआधी त्यांना सरकारी खर्चाने जपानला पाठवलं. फार मानाने. गळ्यात हार घालून. जपानचे फोटो सुंदर आहेत. अजून आमच्या बैठकीत लावलेले आहेत. ते परत आले तेव्हा सभागृह उरलं नव्हतं." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "आपण थांबू."

"मॅडम, तुमचं विमान," मी म्हणालो. "जहाज..."

"मला माहीत आहे."

"पेट्या पोचल्या नाहीत तर त्यांची निवडणूक..."

"मिस्टर सुहास, मी पेट्या निवडणुकीसाठी देते आहे. ही खुर्ची रिकामी ठेवून त्यांना पेट्या दिल्या, तर ते त्यांत काय भरतील?"

खिडकीबाहेर बर्फ सुरू झाला होता, अंदाजापेक्षा आधी.

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन मेधाला फोन लावला. ती वाटेतल्या एका कॉफीच्या दुकानात होती. रस्ता दिसत नव्हता म्हणून तिने गाडी बाजूला घेतली होती.

"मेधा, परत ये. जमेल तसं. पण हळू ये."

"सुहास, एक विचारू? हे म्हणतायत, दीपस्तंभ बघायचं त्यांनी म्हटलंच नव्हतं. तुझीच आयडिया."

मी कॉरिडॉरचं दार ओढून घेतलं.

"यांना डॉक्टर पिंपळखरे केलंस ना तू?"

माझ्या घरात या युक्तीला नाव होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"हो," मी म्हणालो.

"मला न सांगता. आणि मला ड्रायव्हर करून." मागून ओमर वकिलांचा आवाज आला, दीपस्तंभ दिसला नाही पण थालीपीठ उत्तम आहे, असं भावाला सांग. मेधाने ते सांगितलं आणि म्हणाली, "आता ठेव. बर्फ काढणारा प्लाऊ आला की त्याच्या मागून निघते."

मग वाट पाहणं. बायको आणि पाहुणा माझ्यामुळे वादळात, विमानाची वेळ जवळ येत चाललेली, आणि हॉलमध्ये दोन देश रिकामटेकडे. मी कॉफी देत राहिलो. थोड्या वेळाने डोंगराच्या देशाचे एक सचिव म्हणाले, "वकीलसाहेब येतील तेव्हा पायऱ्यांवर बर्फ असेल. ते म्हातारे आहेत. फावडं आहे का?"

होतं. दोन होती. डोंगराच्या लोकांना बर्फ ठाऊक. नदीच्या लोकांनी तो पहिल्यांदाच पाहिलेला. पण शोव्हल करायला सगळे बाहेर आले, लामिनसुद्धा, माझी जुनी टोपी घालून. "असं नाही, गुडघ्यातून वाका," असं सचिव त्यांना शिकवत होते. लामिननी एक ढीग नेमका साफ केलेल्या पायरीवर टाकला आणि दोन्ही देश हसले. कराराच्या प्रशिक्षणाच्या कलमाची अंमलबजावणी सहीच्या आधीच सुरू झाली होती. ग्रॅहम खिडकीत उभे राहून पाहत होते. त्यांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

कोरोला आली तेव्हा तिच्यावर इतका बर्फ होता की रंग कळत नव्हता. ओमर वकील उतरले, साफ केलेल्या पायऱ्यांकडे आणि फावडं घेतलेल्या लामिनकडे पाहून थबकले. "हे काय? सरकार बदललं का?"

आत जायच्या आधी मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. नानाकाका, मामा, एसटी स्टँड, सगळं. ते ऐकत राहिले. हसले नाहीत.

"जुन्या राजवटीने मला आत टाकलं तेव्हा कुणी थालीपीठ दिलं नव्हतं," ते म्हणाले. "तुझी पद्धत त्यांच्यापेक्षा गोड आहे. पण पद्धत तीच आहे, माझ्या भावा."

मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते आत गेले आणि आपल्या खुर्चीवर बसले.

ते बोलले. सविस्तर बोलले. मित्र दारापर्यंत, हेच. लामिन उत्तर द्यायला उठले, पण त्याआधी पेमा मॅडम म्हणाल्या, "आमच्या पहिल्या निवडणुकीत आम्हाला मदत करणारे खूप होते. सगळे मोजणीच्या खोलीत होते. हरलेले लोक अजून म्हणतात, परक्यांनी मोजलं म्हणून हरलो. आमच्याकडे तेव्हा एक ओमर वकील हवा होता." आणि त्यांनी ते कलम खोडलं. आमची माणसं दाराबाहेर बसतील, म्हणाल्या. हाक मारलीत तर येतील.

मी धावत जाऊन दोन्ही प्रती पुन्हा छापल्या. नदीच्या देशाने मतदान घेतलं. आणि एवढं होऊनही ओमर वकिलांनी विरोधात मत दिलं! पेट्या उसन्या न आणता आपल्या सुतारांकडून करून घ्याव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. मी डोक्याला हात लावला. पण लामिन शांतपणे म्हणाले, "त्यांचं मत दोन्ही प्रतींना जोडा. पूर्ण." सकाळी टायची गाठ आवळणारा माणूस आणि हा माणूस एकच होता, हे मला पटेना. ओमर वकिलांनी सर्वांत आधी उठून टाळ्या वाजवल्या, स्वतःच्या पराभवाच्या.

त्या रात्री विमानतळ बंद राहिला. पेमा मॅडमचं विमान सुटलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणि जहाज गाठण्यापुरतं वेळेत. पण पेनचं टोपण लावताना त्यांना हे माहीत नव्हतं, हे मी विसरत नाही.

शनिवारी सकाळी आकाश स्वच्छ होतं. ओमर वकिलांचा फोन आला. "भावा, दीपस्तंभ राहिला. या वेळी तू चल." मी त्यांना आणि पेमा मॅडमना घेऊन गेलो. लाल डोक्याचा पांढरा दीपस्तंभ, खाली काळे खडक, आणि अंगात शिरणारा वारा. ती दोघं पेट्यांना कुलूप एक असावं की दोन, यावर भांडत होती. भांडता भांडता मॅडमची टोपी उडाली, ती वकिलांनी पकडली, आणि हातात धरून आपला मुद्दा पूर्ण करूनच परत दिली. पुष्कळ करारांना मी खुर्च्या मांडल्या, पण दोन देशांची मैत्री अशी डोळ्यांनी तिथेच पाहिली.

परतताना वकिलांनी मेधाचा डबा माझ्याकडे दिला. जड लागला. उघडला तर आत कॉफीच्या दुकानातली मेपल सिरपची बिस्किटं. वादळात गाडीत बसल्या बसल्या मेधाने त्यांना सांगितलं होतं म्हणे, की आमच्यात शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत.

निवडणूक झाली. ओमर वकिलांचा पक्ष हरला. एका केंद्राची मोजणी त्यांनी पुन्हा करायला लावली आणि निकाल तोच आल्यावर तो रेडिओवर जाऊन मान्य केला. मोजणीच्या खोलीत परकं कुणी नव्हतं. मग पेट्या परत निघाल्या. काही महिन्यांनी पेमा मॅडमचा फोन आला. मुख्याध्यापिकेला हसू आवरत नव्हतं. पेट्यांपैकी एक पेटी भुईमुगाच्या शेंगांनी भरलेली आली होती. कस्टम्सवाल्यांनी ती अडवून ठेवली. मतपेटीत शेतमाल कसा, याचा खुलासा निवडणूक आयोगाच्या प्रमुखांना द्यावा लागला.

"मी लिहिलं," त्या म्हणाल्या, "की ही मराठी पद्धत आहे."

त्या वर्षी मंडळाच्या सभेला मी गायक बोलवला नाही. डॉक्टर पिंपळखरे सवयीने कोट घालून, गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभे होते.

"बोल, कुणाला आणायचंय?"

"कुणालाच नाही, डॉक्टर. बसा. तुमची खुर्ची पुढे ठेवली आहे."

त्यांनी किल्ली खिशात टाकली.

"इतकी वर्षं जातोय," ते म्हणाले. "मला काय कळत नव्हतं होय रे? पण तुला ओशाळं वाटेल म्हणून बोललो नाही."

मी सॉरी म्हणालो. आयुष्यात इतक्यांदा म्हटलेला शब्द, पण तो खरा कुठे वापरतात ते त्या दिवशी समजलं.

सभा फार लांबली. जेवण गार झालं, मुलं कंटाळून बेसमेंटमध्ये खेळायला गेली, आणि दोन तरुण सभासद डॉक्टरांशी असे भांडले की मध्यंतरानंतर त्यांच्याच शेजारी जाऊन बसले. शेवटी पिझ्झाचा ठराव मंजूर झाला. विरोधात एक मत. ते मी इतिवृत्तात डॉक्टरांच्या नावासकट आणि कारणांसकट, पूर्ण लिहिलं. मग सर्वांत आधी त्यांनीच टाळी वाजवली.